कोणभाऊंचा रिकामा रकाना

नोकरीची एकोणीस वर्षं मी त्यांना ‘तू’ म्हणालो. ते मला ‘तुम्ही’ म्हणत. आमच्या वयात अंतर जेमतेम तीन वर्षांचं, पण मी अव्वल कारकून आणि ते माझ्या हाताखाली, म्हणून. कचेरीत हे असंच चालतं आणि त्यावर कोणी विचार करत नाही. ते करत. त्यांच्या वहीत तशी नोंदच होती : ‘नाना मला – तू. मी नानांना – तुम्ही. शिपायाला आम्ही दोघं – ए.’ खाली दुसऱ्या शाईत : ‘आजपासून शिपायाला माझ्याकडून – तुम्ही.’ आणि त्यांनी ते सुरू केलं. शिपाई इतका घाबरला की आपली बदली झाली की काय, हे विचारायला माझ्याकडे आला.

या लेखात मी त्यांना ‘ते’ म्हणणार आहे. ही पहिली दुरुस्ती. दुसरी मोठी आहे, ती पुढे येईल.

धुळे जिल्ह्यातली ती तालुक्याची कचेरी कोणती, हे सांगत नाही. माणसंही सगळी बिननावाचीच ठेवतो. त्यांना मात्र कचेरीनं एक नाव दिलं होतं : कोणभाऊ. कारण कोणीही काहीही सांगायला गेलं की ते मान वर करून एकच शब्द म्हणत.

“वरून फोन आलाय, यादी आजच पाहिजे.”

“कोणाचा?”

“अरे, वरून!”

“वर पंखा आहे, नाना. त्याच्यावर पत्रे. फोन कोणाचा आला?”

यात कुचेष्टा नव्हती, हे कळायला मला फार वर्षं लागली. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असायचं. ‘त्यांनी सांगितलंय’, ‘ते नाही म्हणतात’, ‘तिकडून आलंय’ असल्या वाक्यांवर कचेरी चालते. माणूस दिसत नाही आणि काम होतं किंवा अडतं. कोणभाऊ त्या वाक्यांपाशी दार ठोठावत बसल्यासारखे बसायचे. चहाच्या वेळी पोरं त्यांची नक्कल करत. “कोणभाऊ, पाऊस येणार म्हणतात.” ते शांतपणे विचारत, “कोण?” आणि सगळे हसत. तेही हसत.

त्यांना छंद होता सर्वनामांचा. लोक नाणी जमवतात, काड्यापेट्या जमवतात. हे मी, तू, तो, आपण जमवत. कोणत्या बोलीत माणसाला काय म्हणतात, बाईला काय, बैलाला काय, समोर नसलेल्याला काय, मेलेल्याला काय. रविवारी एसटीनं निघायचे, डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. कधी भुसावळच्या रेल्वे वसाहतीत, कधी नवापूरच्या बाजूला, कधी पिंपळनेरच्या बाजारात. सोमवारी सकाळी माझ्या टेबलाशी उभे राहायचे, डोळे चमकत असायचे.

“नाना, आपल्या ‘आम्ही’त समोरचा माणूस नसतो आणि ‘आपण’त असतो. बरोबर?”

“बरोबर. ती पिंपळनेरची फाइल दे.”

“देतो. गुजराती लोकांचंही तसंच. ‘अमे’ म्हणजे आम्ही, तुम्ही सोडून. ‘आपणे’ म्हणजे तुम्हांला धरून. मारवाड्यांचंही तसंच, ‘म्हे’ आणि ‘आपां’. पण बऱ्हाणपूरकडे सरका. हिंदीत एकच ‘हम’. आत कोण आणि बाहेर कोण, पत्ता लागत नाही.”

“मग त्यांचं काय अडतं का?”

“अडत नाही. पण मला तर बुवा, आत आहे की बाहेर ते आधी कळलेलं बरं.”

धुळ्याच्या बाजारात एक मारवाडी कापडवाले शेठ होते. कोणभाऊ त्यांच्या दुकानात एक पूर्ण दिवस कोपऱ्यात स्टूल टाकून बसले. शेठनी हसत परवानगी दिली होती. संध्याकाळी निष्कर्ष वाचून दाखवला : “माल विकताना शेठजी ‘आपां’. माल परत आला की ‘म्हे’.” शेठ इतके हसले की त्यांनी मुनीमजींना बोलावून ते पुन्हा वाचायला लावलं.

भुसावळच्या एका तेलुगू गार्डकडून ते उदास होऊन आले. त्या भाषेत घरच्या बोलण्यात पुरुषाला एक शब्द, आणि बाईला, गाईला, खुर्चीला मिळून दुसरा एकच. मानानं बोलायचं तर वेगळा आहे, पण रोजचा हा. मी म्हणालो, “बघ, आपली मराठी किती चांगली. तो, ती, ते.” ते म्हणाले, “शब्द चांगले आहेत, नाना. वापरतं कोण?” तेव्हा मला ते उत्तर आगाऊपणाचं वाटलं.

त्यांच्या वहीतली मला सगळ्यांत आवडती नोंद पिंपळनेरच्या बाजारातली. आपल्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मग हाक कशी मारतात? मिरच्या विकणाऱ्या एका म्हातारीला त्यांनी हे विचारलं. ती आधी चिडली. मग तोंडाला पदर लावून म्हणाली, “चाळीस वरीस व्हयनात, मी त्यास्ले कायच म्हनेल नही. खोकलस. त्या वळीसन दखतस.” म्हणजे ती खोकते आणि ‘त्या’, अहिराणीत ‘ते’, वळून बघतात. कोणभाऊंनी वहीत ‘पती’ या रकान्यात नीट अक्षरात लिहिलं : ‘खोकला.’

वह्या ते विकत घेत नसत. कचेरीतले एका बाजूला लिहिलेले रद्द कागद गोळा करायचे, दाभणानं शिवायचे, वर खाकी पुठ्ठा. पाठकोऱ्या बाजूवर त्यांची सर्वनामं. एका वहीत एक पान आमच्या कचेरीला दिलेलं होतं. मथळा : ‘कार्यालयाची भाषा.’ तू, तुम्ही, ते, त्यांनी, वरून, तिकडून, सदर इसम, संबंधित, हे सगळे रकाने भरलेले. ‘मी’ या रकान्यात लिहिलं होतं : ‘अद्याप आढळला नाही.’

ते पान त्यांनी मला दाखवलं तेव्हा मी म्हणालो, “काम नाही वाटतं तुला?”

आता ती दुसरी दुरुस्ती.

वनजमिनीचे दावे आले, त्या वर्षीची गोष्ट. डोंगराकडच्या पाड्यांवर जाऊन, पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्यांचे जबाब घ्यायचे होते. कोणभाऊ पायी गेले. महिनाभर हिंडले. घरात बसून, बांधावर बसून, लोक बोलतील तसं शब्दाला शब्द लिहून आणलं आणि खाली अंगठे घेतले. ते कच्चे जबाब माझ्या टेबलावर आले. माझं काम त्यांची पक्की प्रत करून घेण्याचं.

माझी पक्की प्रत जिल्ह्यात नावाजलेली होती. खाडाखोड नाही, बोलीचा एक शब्द नाही, सगळं सरळ एका साच्यात. पुरुषाच्या जबाबाचा एक साचा, बाईच्या जबाबाचा एक. बाईचा असा : ‘जबाब देणार हिचा पती सदर जमीन कसतो. जबाब देणार घरकाम करते.’ टंकलेखकाला मी तेवढं एकदाच सांगितलं. नाव बदलायचं, बाकी तेच.

कोणभाऊ प्रती चाळून माझ्याकडे आले.

“नाना, ही बाई घरकाम करते असं कोण म्हणालं?”

“सगळ्या बायका करतातच.”

“करतात. पण म्हणालं कोण? ती तर म्हणाली...”

“ती काहीही म्हणेल. कागदाला कागदासारखी भाषा लागते.”

“आम्ही कसतो, म्हणाली ती. तुम्ही ‘तो’ लिहिलंत. तिला बाहेर काढलंत, नाना.”

मी सगळ्यांसमोर ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही, पण त्यात ‘वेडा’ हा शब्द दोनदा होता. मग बाजाराच्या दिवशी बायका आल्या, पक्क्या प्रतींवर अंगठे देऊन गेल्या. खाली ‘वाचून दाखवले, बरोबर आहे’ असा शिक्का असायचा. शिक्का मी मारला. वाचून दाखवलं नाही. वर्षअखेरीला त्यांच्या गोपनीय अहवालात मी लिहिलं : ‘निरर्थक प्रश्न विचारून कामात व्यत्यय आणतो.’ त्या वाक्यानं त्यांची बढती चार वर्षं अडली. आणि कच्चे जबाब फाडून टाकायला मीच त्यांना सांगितलं.

वर्षभरानं त्यांतल्या एका बाईचा नवरा वारला. दावा अजून मंजूर व्हायचा होता. पाड्यावर तिला सगळे अक्का म्हणतात, मीही इथं तेच म्हणतो. दिरानं अर्ज केला की जमीन भाऊ आणि मी कसत होतो, हिचा वावराशी संबंध नाही. पुरावा म्हणून त्यानं जोडला तो तिचाच जबाब. माझी पक्की प्रत. ‘जबाब देणार घरकाम करते.’ खाली तिचाच अंगठा.

जमीन गेली असती तर तिला दुसरं काही नव्हतं. दोन मुली होत्या आणि माहेर संपलेलं होतं.

सुनावणी धुळ्याला झाली. अधिकारी तरुण बाई होत्या, बाहेरच्या, नव्यानंच आलेल्या. कचेरीतर्फे मी हजर होतो. कोणभाऊ कागदपत्रं सांभाळायला मागे बसले होते, मांडीवर कापडी पिशवी. अक्का समोर उभ्या, डोक्यावरून पदर, नजर थेट.

दिराच्या वकिलांनी पक्की प्रत वाचली. मॅडमनी अक्कांना विचारलं, हे तुम्ही सांगितलं होतं का?

“नही,” अक्का म्हणाल्या. “मी सांगेल व्हतं, आम्ही कसतस.”

“इथं तर वेगळं लिहिलंय. मूळ जबाब कुठं आहेत?”

मी उठलो. “पक्की प्रत झाल्यावर कच्चे कागद नष्ट करण्यात आले, मॅडम.”

“कोणी केले?”

तो शब्द या वेळी दुसऱ्याच्या तोंडून आला होता. “कार्यालयाकडून,” मी म्हणालो.

तेव्हा मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “नष्ट नाहीत झाले, मॅडम. माझ्याकडे आहेत. फक्त पाठीमागच्या बाजूला.”

आणि कोणभाऊंनी पिशवीतून ती खाकी पुठ्ठ्याची वही काढून टेबलावर ठेवली. वकिलांनी उघडली, दोन ओळी वाचल्या आणि हसू लागले. “आपां... म्हे... मॅडम, ही मारवाडी भाषेची शिकवणी दिसते.”

“पान उलटा, वकीलसाहेब,” कोणभाऊ म्हणाले.

वकिलांनी पान उलटलं. त्यांचं हसू तिथंच थांबलं. पानाच्या खाली निळा अंगठा होता. वर कोणभाऊंचं गोल अक्षर. मॅडमनी वही आपल्याकडे ओढली आणि मोठ्यानं वाचलं : “वावर आम्ही दोन्हीजन कसतस. त्या नांगर धरतस, मी पेरस. निंदनी मी, कापनी मी. बठ्ठं आम्हीच करतस.”

अक्का म्हणाल्या, “हां. हाईच.”

मॅडमनी पुढचं पान उलटलं. तेलुगू गार्डच्या पाठीवर दुसऱ्या बाईचा जबाब. ‘खोकल्या’च्या पाठीवर तिसरीचा. एकेका पानाच्या मागे एकेक बाई ‘आम्ही’ म्हणत बसलेली होती. ज्या वह्यांना आम्ही रद्दी म्हणत होतो, त्यांच्या पाठीवर सबंध डोंगर जिवंत होता. मी फाडायला सांगितलेले कागद त्या माणसानं दाभणानं शिवून ठेवले होते, आणि तेही माझ्या डोळ्यांसमोर. मी कधी पान उलटलं नव्हतं, इतकंच.

“मग ‘घरकाम करते’ हे आलं कुठून?” मॅडमचा आवाज चढला. “कोणी लिहिलं?”

प्रत टंकलिखित होती. अक्षर कोणाचंच नव्हतं. त्या खोलीत ते माहीत होतं दोघांनाच, त्यांना आणि मला. आयुष्यभर साऱ्या कचेरीला ‘कोण’ विचारणाऱ्या त्या माणसाला फक्त माझ्याकडे बोट दाखवायचं होतं. मी खाली मान घालून वाट पाहत होतो.

“आमच्याकडून झालं, मॅडम,” कोणभाऊ म्हणाले.

“आमच्या म्हणजे?”

“कागद माझ्या टेबलावरून गेले होते.”

मी बसून राहिलो. मला उठता आलं असतं. दोन पावलं आणि एक शब्द, एवढंच होतं. मी बसून राहिलो.

निकाल त्याच दिवशी लागला. जमीन अक्कांची. आणि त्या पाड्यांवरच्या साऱ्या बायकांचे जबाब वह्यांवरून पुन्हा लिहून घ्यायचा हुकूम झाला. अकरा वह्यांची शिवण उसवून पानं सुटी झाली. धुळ्याच्या त्या आवारात अक्का कोणभाऊंसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “भाऊ, तुमनी वही पाठकडथून वाचानी शे, हाई आधी सांगानं ना! मी बठ्ठा रस्ताभर रडत उनू.” आणि दोघं लहान पोरांसारखी हसली. असा विजय मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही. मी दूर, सायकलींच्या शेडजवळ उभा होतो.

कोणभाऊंना लेखी ताकीद मिळाली. मला निवृत्तीच्या वेळी शाल आणि मानपत्र मिळालं : ‘आदिवासी महिलांचे दावे त्यांच्या स्वतःच्या शब्दांत नोंदवण्याचे मोलाचे कार्य.’ ते तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. खऱ्या टाळ्या, हेच वाईट.

त्या सुनावणीनंतर एकत्र नोकरीची पाच वर्षं गेली. ते शिपायाला विचारत, टंकलेखकाला विचारत, नव्या साहेबालाही विचारत. मला त्यांनी पुन्हा एकदाही ‘कोण?’ असं विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात देवपूरच्या माझ्या घरी दोन तरुण कर्मचारी आले. जुन्या चांगल्या कामांची पुस्तिका निघणार होती, त्यात माझा फोटो हवा होता. मी म्हणालो, फोटो देत नाही, दुरुस्ती देतो. सगळं लिहून दिलं, सहीनिशी. उत्तर आलं : ‘आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.’ कोणी घेतली, ते लिहिलेलं नव्हतं. मी मोठ्यानं हसलो. बायको स्वयंपाकघरातून बघायला आली.

मग मी पाड्यावर गेलो. बायकांची सभा होती, पंचवीस-तीस जणी असतील, मध्यभागी अक्का, आता केस पांढरे. मला बसायला खुर्ची दिली. मी बसलो नाही. उभं राहून सांगितलं की ‘घरकाम करते’ हे मी लिहिलं, कागद फाडायला मी सांगितलं, आणि ताकीद माझी होती, ती कोणभाऊंनी घेतली.

अक्का म्हणाल्या, “आमले तवयपासून ठाउक शे, नाना.”

“मंग बोलनात का नही?”

“तुमी बोलशात म्हनीसन वाट दखी राह्यनूत.” मग शेजारणीला कोपर मारून म्हणाल्या, “दख व, उशीर व्हयना, पन उनात.” सगळ्या हसल्या. मला गुळाचा काळा चहा मिळाला. इतका गोड चहा मला डॉक्टरांनी बंद केलेला आहे. मी दोन कप प्यायलो.

दुसऱ्या दिवशी जळगावची एसटी धरली. कोणभाऊ आता पिंप्राळ्यात मुलीकडे राहतात. कॉलनीतलं बैठं घर, दारात तुळस आणि मुलीची स्कूटर. बेल होती, पण मी कडी वाजवली. आतून काठीचा आवाज आला, आणि मग तो आवाज :

“कोण?”

इतक्या वर्षांनी त्यांनी मला ते विचारलं होतं. दाराआड कोण आहे हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून का होईना.

“मी,” मी म्हणालो.

“मी म्हणजे कोण?”

“मी. ‘घरकाम करते’ लिहिणारा. मीच लिहिलं होतं. तुम्ही दार उघडता का?”

काठीचा आवाज दाराशी आला. मग दार उघडलं. ते वाकले होते, चष्मा जाड झाला होता, पण डोळे सोमवार सकाळचेच. माझ्याकडे पाहिलं. मला पलंगावर बसवून कपाट उघडलं आणि उरलेल्या बाराव्या वहीतून नेमकं पान काढलं. ‘कार्यालयाची भाषा.’ ‘अद्याप आढळला नाही’ यावर त्यांनी पट्टी धरून एक सरळ रेघ मारली. तिच्यावर लिहिलं : ‘मी – आढळला. ठिकाण : पिंप्राळा.’ आणि वही माझ्याकडे फिरवली.

“सांगणाऱ्याचं नाव राहिलंय. ते तुम्ही लिहा.”

मी लिहिलं. माझं, वडिलांचं, आडनाव. खाडाखोड झाली नाही. वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली.

आतून त्यांच्या मुलीनं विचारलं, “अण्णा, कोण आलंय?”

“चहा टाक,” कोणभाऊ म्हणाले. “आपले नाना आलेत.”